यंत्राचा वेग आणि माणसाचा विवेक

(महसूल कर्मचारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्या एका प्रशिक्षण वर्गात एका निवृत्त महसूल अधिकाऱ्यांनी दिलेले व्याख्यान)



गेले तीन दिवस आपण या सभागृहात संगणकाचे धडे घेत आहात. कोणती नोंद कोठे करावयाची, कोणते प्रमाणपत्र किती दिवसांच्या आत द्यावयाचे, अहवाल कोणत्या नमुन्यात वर पाठवावयाचा, हे सर्व आपणांस जाणकार मंडळींनी उत्तम रीतीने समजावून दिले आहे. संयोजकांनी मला जो विषय दिला तो मात्र थोडा निराळा आहे. या यंत्रामुळे काम जलद होते, अचूक होते, हे तर दिसतेच. पण त्यामुळे काम करणारा माणूस अधिक शहाणा होतो काय, हा तो प्रश्न. मी संगणकतज्ज्ञ नाही. माझी नोकरी तलाठी म्हणून सुरू झाली आणि आयुष्याचा बराचसा काळ दप्तर सांभाळण्यात गेला. तेव्हा आज जे बोलणार आहे ते एका दप्तर सांभाळणाऱ्या माणसाचे बोलणे आहे, एवढे ध्यानात ठेवून ते ऐकावे.

आरंभीच एक गैरसमज दूर केला पाहिजे. जुने ते सोने, असे म्हणण्यासाठी मी येथे उभा नाही. जुने दप्तर मी पाहिले आहे. वाळवीने खाल्लेले फेरफाराचे पुस्तक, पानाच्या घडीवर विरून गेलेला गटक्रमांक, एका ओळीत दोन प्रकारची शाई, हे सर्व मी या डोळ्यांनी पाहिले आहे. सातबाराच्या एका उताऱ्यासाठी शेतकऱ्याने तीन वेळा एस.टी.चे भाडे भरावे आणि तिन्ही वेळा त्याला ‘भाऊसाहेब फिरतीवर आहेत’ असे उत्तर मिळावे, यात कोणतेही शहाणपण नव्हते. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला, तेव्हा या राज्यातील लक्षावधी खातेदारांच्या पायांची वणवण वाचली. ज्यांना त्या हेलपाट्यांचा अनुभव नाही त्यांनीच यंत्राची कुचेष्टा करावी.

प्रश्न पुढचा आहे. वाचलेल्या वेळाचे आपण काय केले?

‘विवेक’ हा शब्द आपण भाषणांत फार सैलपणे वापरतो. त्याचा मूळ अर्थ वेगळे करणे असा आहे. घरातील बाई सुपात धान्य घेऊन बसते, पाखडते, खडा बाजूला काढते, किडका दाणा बाजूला काढते. त्या क्रियेला आपण ‘निवडणे’ म्हणतो, आणि विवेक म्हणजे तेच. संगणकही वेगळे करतो. एक लाख नोंदींतून हव्या त्या दहा क्षणात काढून देतो. परंतु खडा कशाला म्हणावयाचे, हे त्याला आपण आधी सांगावे लागते. आणि शेतकऱ्याच्या घरात बियाण्यासाठी निवडलेले धान्य व दळणासाठी निवडलेले धान्य एकच नसते. कोणत्या हेतूने निवडावयाचे, ही जाण सुपात नसते, सूप धरणाऱ्या हातातही नसते. ती त्या घराचे वर्ष कसे जाणार आहे हे ओळखणाऱ्या मनात असते.

हा भेद मी नव्याने शोधून काढलेला नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या देशातील आरंभीचा एक संगणक, टिफ्रॅक, १९६० मध्ये पूर्ण झाला. त्यानंतर सहाच वर्षांनी, १९६६ मध्ये, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेचे प्राध्यापक जोसेफ वायझेनबाऊम यांनी ‘एलायझा’ नावाचा एक छोटासा संगणकीय कार्यक्रम तयार केला. माणसाने टंकलिखित केलेले वाक्य तो उलटवून प्रश्नाच्या रूपात परत करी. ‘मला फार उदास वाटते’ असे लिहिले की ‘आपणांस उदास का वाटते?’ अशा धर्तीचे उत्तर येई. त्यात समजणे असे काहीच नव्हते. तरी वायझेनबाऊम यांच्या स्वतःच्या सचिव बाई त्या यंत्राशी बोलू लागल्या आणि थोड्याच वेळात, ‘आपण जरा खोलीबाहेर जाल का?’ असे त्यांनी साहेबांनाच विचारले. या प्रसंगाने ते हादरले. पुढे १९७६ साली त्यांनी एक ग्रंथ लिहिला आणि त्यात असे प्रतिपादन केले की, काही कामे संगणकाला करता येतील की नाही हा प्रश्नच गौण आहे. करता आली तरी ती त्याच्याकडे सोपवू नयेत. गणिताने निर्णय काढणे आणि माणसाने निवड करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्यांचे सांगणे होते. हे गृहस्थ बर्लिनमध्ये जन्मलेले ज्यू. लहानपणी, १९३६ साली, हिटलरच्या जर्मनीतून कुटुंबासह अमेरिकेत आलेले. कार्यक्षम कारभार विवेकावाचून कोठवर जाऊ शकतो हे त्यांना कोणी शिकवावे लागले नसेल.

आता आपल्या कामाच्या अधिक जवळचे एक उदाहरण घेतो. ते इंग्लंडमधील आहे, पण आपल्यापैकी प्रत्येकाने ते बारकाईने ऐकावे अशी माझी विनंती आहे.

तेथील लहान डाकघरे बहुधा एखादा दुकानदार करारावर चालवतो. आपल्याकडील खेड्यातील शाखा डाकघरासारखाच हा प्रकार. १९९९ पासून या डाकघरांत ‘होरायझन’ नावाची संगणकीय हिशेबपद्धती बसवण्यात येऊ लागली. थोड्याच काळात ठिकठिकाणच्या डाकघरचालकांना हिशेबात तूट दिसू लागली. संध्याकाळी पेटीतील रोकड मोजावी, तर पडद्यावरील आकड्यापेक्षा ती कमी भरे. पुन्हा मोजावी तरी तेच. तूट चालकाने स्वतःच्या खिशातून भरून द्यावी, असे करारात होते. लोकांनी साठवलेले पैसे भरले, घरे गहाण टाकली, नातेवाइकांकडून कर्जे काढली. मदतकेंद्राला दूरध्वनी केला तर अनेकांना असे सांगण्यात आले की, अशी अडचण फक्त तुम्हालाच येते आहे. पुढे खटले भरले गेले. बहुतेक खटले खुद्द टपाल कंपनीनेच भरले. नऊशेहून अधिक लोक दोषी ठरले. कोणी तुरुंगात गेले, कोणाचे दिवाळे निघाले, गावात चोर म्हणून तोंड दाखवण्याची सोय उरली नाही. भारतीय वंशाच्या एका गरोदर महिलेला २०१० मध्ये तुरुंगात धाडण्यात आले. आणि दोष होता तो संगणकाच्या कार्यक्रमात.

संगणक चुकला, यात नवल नाही. माणसाने केलेली वस्तू चुकणारच. नवल हे की, इतकी वर्षे ती चूक चूक म्हणून कोणाला दिसली नाही. का दिसली नाही, हे पाहण्यासारखे आहे. संगणक बरोबर चालत आहे असे न्यायालयाने गृहीत धरावे, असा तेथील कायद्याचा दंडक होता. तो चुकला हे दाखवण्याचा भार आरोपीवर. आणि आरोपी म्हणजे कोण, तर खेड्यातला किराणा दुकानदार! त्याच्याकडे यंत्राच्या पोटातील कागद कोठून येणार? दुसरे असे की, कचेरीत बसलेल्या अधिकाऱ्यांनी एक साधा प्रश्न स्वतःला विचारला नाही. वर्षानुवर्षे प्रामाणिकपणे डाकघर चालवणारी शेकडो माणसे, परस्परांना न ओळखणारी, एकाच सुमारास चोर कशी झाली? हा प्रश्न सुचण्यासाठी संगणकाचे ज्ञान लागत नाही. माणसांचे ज्ञान लागते. ॲलन बेट्स नावाच्या एका डाकघरचालकाने अशा सर्वांना एकत्र केले. ५५५ जणांनी मिळून दावा लावला; डिसेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने त्या पद्धतीतील दोष मान्य केले. एप्रिल २०२१ मध्ये अपील न्यायालयाने ३९ जणांची शिक्षा रद्द केली, त्यात ती महिलाही होती. उरलेल्यांसाठी २०२४ साली संसदेला खास कायदा करावा लागला. पहिल्या तुटीपासून या कायद्यापर्यंत पाव शतक लोटले. त्यातील कित्येक जण तोवर जगातून गेले होते.

आपण म्हणाल, ही परदेशची गोष्ट झाली. म्हणून आता स्वतःची सांगतो. ती सांगताना मला संकोच वाटतो, पण सांगणे भाग आहे.

मी एका तालुक्यात मंडळ अधिकारी होतो तेव्हाची हकीकत. फेरफार संगणकावर होऊ लागले होते. आपणांस ठाऊक आहेच की, अर्ज आला म्हणजे तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, नोंद धरतात, हितसंबंधितांना नोटीस जाते, चावडीवर लागते, पंधरा दिवसांची मुदत असते आणि हरकत न आल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. प्रलंबित नोंदींची यादी माझ्यासमोर पडद्यावर असे. महिन्याच्या आढाव्यात कोणत्या मंडळात किती नोंदी मुदतीपेक्षा अधिक काळ पडून आहेत, याचा तक्ता वाचून दाखवला जाई. त्यात आपले नाव वर येऊ नये, ही इच्छा कोणाही नोकरदाराची असते. तशा एका दिवशी मी सतरा नोंदी प्रमाणित केल्या. त्यांत एक वारसनोंद होती. वडील वारले होते, दोन मुलांनी अर्ज केला होता, सोबत प्रतिज्ञापत्र होते. सर्व रकाने भरलेले, हरकत नाही, मुदत संपलेली. मी मंजूर केले.

दोन वर्षांनी एक बाई कचेरीत आल्या. सुरतेला दिलेल्या. हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत गावच्या प्राथमिक शाळेतील रजिस्टरचा उतारा. वडिलांचे नाव तेच, गाव तेच. मुलींचा हक्क आपल्या राज्याने १९९४ च्या दुरुस्तीनेच मान्य केला होता आणि २००५ मध्ये तो देशभर लागू झाला. मी त्यांना म्हटले, “बाई, तुमचे नाव कोणी कमी केले?” त्या म्हणाल्या, “साहेब, कमी कुणी केलं नाही. घातलंच नाही.”

मी जमीन महसूल संहिता उघडली. कलम १५५ लेखनप्रमादाच्या दुरुस्तीसाठी आहे. हा काही लेखनप्रमाद नव्हता. मी प्रमाणित केलेली नोंद मला बदलता येत नव्हती. त्यांना उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करावे लागले. तोपर्यंत निम्मी जमीन विकली गेली होती. अपिलात उरलेल्या जमिनीला त्यांचे नाव लागले. विकलेल्या जमिनीसाठी दिवाणी दावा करावयाचा, तर तो त्यांच्या ऐपतीबाहेरचा होता.

आता न्यायाने बोलले पाहिजे. हा दोष यंत्राचा नव्हता. कागदाच्या काळातही बहिणींची नावे गळत होती. किंबहुना अधिक गळत होती. फरक एवढाच की, पूर्वी मला टोचणी लागली असती. यंत्राने ती टोचणी काढून घेतली. सर्व रकाने भरले आहेत, असे पडद्याने मला सांगितले आणि मी त्याचा अर्थ ‘सर्व वारस आले आहेत’ असा केला. या दोहोंतील अंतर ओळखणे हेच माझे काम होते आणि त्यासाठीच शासन मला पगार देत होते.

पुढे एका बैठकीत मी सुचवले की, वारसनोंदीचा अर्ज भरताना यंत्रानेच थांबून विचारावे: मृतास मुली किती? त्या कोठे राहतात? नसल्यास तसे स्पष्ट लिहावे. आणि उत्तर आल्याखेरीज पुढचे पान उघडू नये. एक तरुण सहकारी म्हणाले, “सर, त्याने प्रकरणे रखडतील.” त्यांचे म्हणणे खरे होते. रखडतील. कोणी खोटेही लिहील. परंतु खोटे लिहावयाचे तर ते त्याला स्वतःच्या हाताने लिहावे लागेल. आज नुसते न लिहिल्याने काम भागते. यंत्र शहाणपण देऊ शकते काय, या प्रश्नाकडे मी या बाजूने पाहतो. ते आपणांस उत्तर किती लवकर देते यापेक्षा, आपण टाळलेला प्रश्न ते आपल्यापुढे ठेवते काय, हे पाहावे. तसे यंत्र घडवता येते. ते घडवण्याची सूचना मात्र खाली काम करणाऱ्या माणसाकडून वर गेली पाहिजे, कारण कोणता प्रश्न टाळला जातो हे त्यालाच ठाऊक असते. ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर फेरफाराच्या नोटिसा आता कोणालाही, कोठूनही पाहता येतात. सुरतेतील बहिणीला तेथे बसून गावची नोटीस वाचता यावी, ही केवढी मोठी गोष्ट आहे! पण तेथे पाहावयाचे असते हे तिला कोणी सांगितले पाहिजे. हे काम आपल्यातील शिक्षक आणि पंचायत सदस्यांचे आहे असे मला वाटते. तलाठ्यांच्या गळ्यात आणखी एक काम बांधण्यात अर्थ नाही.

याच संदर्भात २०१७ मधील चावडी वाचनाचा उल्लेख करावासा वाटतो. हस्तलिखित सातबारावरून संगणकावर घेतलेला मजकूर बरोबर आहे की नाही, हे पाहण्यासाठी गावोगाव तो लोकांसमोर मोठ्याने वाचण्यात आला. यंत्राने दोन प्रतींची तुलना केली असती तरी अक्षरांतील फरक तेवढा सापडला असता. पण मूळ कागदातच जे चुकले होते ते कसे कळणार? ते कळते पारावर बसलेल्या एखाद्या वृद्धाला. मी अशा एका वाचनाला हजर होतो. क्षेत्र वाचले गेले तेव्हा मागून एक आजोबा म्हणाले, “अरे, तो बांध ओढ्यानं नेला, त्याला पंचवीस वर्षं झाली.” सगळे हसले, तलाठ्यांनी मात्र टिपण केले. काही ठिकाणी हे वाचन केवळ सह्यांपुरते उरकले गेले, हेही मला माहीत आहे. जेथे ते मनापासून झाले तेथे नव्या यंत्राची आणि जुन्या चावडीची जी गाठ पडली, तिच्याइतके समाधान मला नोकरीत क्वचितच लाभले.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारचे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. पर्जन्यछायेतील गाव. श्री. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली तेथे जे घडले त्यात पाणलोटाची कामे आहेत, श्रमदान आहे. पण माझ्या दृष्टीने त्याचा गाभा पाण्याच्या ताळेबंदात आहे. पाऊस मोजावयाचा, किती पाणी उपलब्ध झाले याचा हिशेब मांडावयाचा, माणसांचे व जनावरांचे पिण्याचे पाणी आधी बाजूला काढावयाचे आणि उरलेल्यात कोणती पिके बसतात हे ग्रामसभेत ठरवावयाचे. ऊस नाही, केळी नाही, शेतीसाठी बोअर नाही, हे बंधन गावाने स्वतःला घालून घेतले. लागलेले यंत्र म्हणजे पर्जन्यमापक, आणि गणित चौथीच्या मुलाला यावे असे. आज उपग्रहाची चित्रे आहेत, भूजलाची पातळी क्षणोक्षणी सांगणारी उपकरणे आहेत. आपल्या राज्यातील अनेक ग्रामपंचायतींनी अटल भूजल योजनेत पाण्याचे अंदाजपत्रक तयार केले आहे. हे आकडे फार उपयोगाचे आहेत. पण पाणी कमी आहे हे कळल्यावर कूपनलिका आणखी शंभर फूट खाली नेणारा शेतकरीही तोच आकडा वाचतो. आकडा दोघांनाही सारखाच कळलेला असतो. एक जण तो एकट्याने वाचतो आणि दुसरा शेजाऱ्यासह ग्रामसभेत वाचतो, एवढाच भेद.

शिक्षकबंधू-भगिनींसाठी थोडे बोलतो. या विषयातील अधिकार त्यांचाच मोठा आहे. दिवाळीनंतर पटावरील काही मुले अनुपस्थित दिसू लागतात. संगणकाच्या तक्त्यात ती टक्केवारी होऊन बसतात. बीडकडील शिक्षकाला मात्र ठाऊक असते की ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला आणि ते मूल आईबापांबरोबर बैलगाडीतून नाहीतर ट्रकमधून साखर कारखान्याकडे गेले. तक्त्याचा उपयोग दोन तऱ्हांनी करता येतो. टक्केवारी का घसरली असा खुलासा मागता येतो. मग पुढल्या वर्षी टक्केवारी घसरत नाही, मूल मात्र जातेच. किंवा मागील चार वर्षांचे तक्ते शेजारी ठेवून, कोणती मुले दरवर्षी याच आठवड्यात जातात हे पाहून, त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाची सोय आधीच, भाद्रपदातच, मागता येते. तक्ता एकच.

राहता राहिली आजची नवलाई, म्हणजे आपण विचारावे आणि यंत्राने मराठीत परिच्छेदच्या परिच्छेद लिहून द्यावेत ही. २०२२ च्या अखेरीपासून ही यंत्रे सर्वांच्या हाती आली. वायझेनबाऊम यांच्या एलायझापेक्षा ती अतोनात समर्थ आहेत. परिपत्रकाचा सारांश ती चांगला काढतात. माझा नातू मला तो काढून दाखवतो. परंतु अर्जदाराला नकाराचे उत्तर पाठवावयाचे असेल तर त्याचा मसुदा यंत्राकडून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नकार लिहिताना हात थोडा अडखळला पाहिजे. तो अडखळतो तेव्हाच कधी कधी लक्षात येते की, अर्ज मंजूर करण्याजोगा आहे. मसुदा आयता आला की हात अडखळत नाही, कारण भाषा इतकी व्यवस्थित असते की निर्णयही व्यवस्थित असणार असे वाटू लागते. सतरा नोंदींच्या दिवशी मला असेच वाटले होते.

मघाशी चहाच्या वेळी एका सरपंचांनी मला विचारले की, मग आम्ही नेमके करावे तरी काय? मी त्यांना म्हटले की, पुढील ग्रामसभेत गावाच्या या वर्षीच्या वारसनोंदी मोठ्याने वाचा. नियमात तसे बसते की नाही याचा कीस काढण्यापूर्वी एकदा वाचून पाहा. फार तर अर्धा तास लागेल. कोणाच्या घरातल्या किती बहिणी त्या यादीत नाहीत, हे गावाला यंत्राशिवाय कळेल. आणि कळल्यावर दुरुस्तीचा अर्ज करण्यास यंत्र पाच मिनिटे घेईल.

संयोजकांनी दिलेली वेळ संपत आली आहे. प्रश्नांसाठी थोडा अवधी राखला आहे असे त्यांनी सांगितले. मागच्या रांगेतील त्या ताईंनी बऱ्याच वेळापासून हात वर केला आहे. त्यांच्यापासून सुरुवात करू या.